शब्द एक, अर्थ दोन

होमिओपॅथीत औषधाची निवड मुख्यत्वे रुग्णाने सांगितलेल्या लक्षणांवरून होते. म्हणून तेथे शब्दाचे मोल मोठे. अमेरिकेत ‘सिक’ म्हणजे आजारी. इंग्लंडमध्ये ‘आय फील सिक’ म्हणणाऱ्यास बहुधा मळमळत असते. अमेरिकेत ‘मॅड’ म्हणजे बहुधा रागावलेला, इंग्लंडमध्ये वेडा. अमेरिकन चिकित्सक जेम्स टायलर केंट यांच्या १८९७ च्या लक्षणकोशात राग व वेड यांची सदरे स्वतंत्र आहेत. शब्दाचा अर्थ गृहीत धरला, तर सदर चुकते आणि औषधही.

म्हणून परदेशस्थ आप्तांनी चिकित्सकास मळमळ केव्हा होते, राग कशाने येतो, हे सविस्तर सांगावे. पेढीवर केवळ नावावरून माल घेतला जात नाही, नमुना पाहिला जातो. व्याधी सांगतानाही हाच व्यवहार पाळावा.