मदतीला धावणाऱ्यांच्या घरचा हिशेब

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. खोदाईची अवजड यंत्रे वर नेता येईनात. धो धो पावसात, चिखलातून, पायथ्यापासून चढूनच जाणे भाग होते. पोलिस चढले, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान चढले, डोंगर भटकणारी तरुण मुले चढली. नवी मुंबई अग्निशमन दलातील एक अधिकारी त्या चढावरच कोसळले आणि हृदयविकाराने गेले. चार दिवसांनी शोध थांबवला गेला, तोवर २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती.

त्याआधी चार वर्षांपूर्वीची गोष्ट. ३ सप्टेंबर २०१९ रोजी उरणच्या ओएनजीसी प्रकल्पात आग लागली. चार माणसे गेली. त्यांपैकी तिघे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या अग्निशमन शाखेचे होते, म्हणजे आग विझवणे हेच ज्यांचे काम, असे.

दोन्हीकडचे मृत्यू कर्तव्यावरचे. आपल्या दृष्टीने त्यांत फरक नाही. विम्याच्या कागदाच्या दृष्टीने मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. आगीत होरपळून आलेले मरण हा ‘अपघात’. डोंगर चढताना बंद पडलेले हृदय हे सर्वसाधारणपणे ‘नैसर्गिक’ मरण. अपघात विम्याच्या करारात ‘बाह्य, आकस्मिक व दृश्य कारण’ अशी काहीतरी व्याख्या असते, आणि छातीत उठलेली कळ त्या व्याख्येत बसत नाही. एखाद्या कुटुंबाने न्यायालयात जाऊन वेगळा निकाल मिळवला तर गोष्ट निराळी. पण दहाव्या-बाराव्याच्या दिवसांत कोर्टाची पायरी चढण्याचे बळ कोणाकडे असते? त्या विशिष्ट कुटुंबाला काय मिळाले, हा या लेखाचा विषय नाही. विषय आहे तो रायगडच्या किनारपट्टीवरील हजारो घरांचा, जिथून कोणी ना कोणी मध्यरात्री उठून दुसऱ्यांच्या मदतीला जाते.

अशा घरांत विम्याबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आढळतो. ‘आमचा विमा आहे’ असे सांगितले जाते, आणि खोदून विचारले तर तो बहुधा अपघात विमा निघतो. पगाराच्या खात्यावर बँकेने दिलेला, एटीएम कार्डावरचा, नाहीतर वर्षाला २० रुपये हप्त्याचा पंतप्रधान सुरक्षा विमा. हे सारे असावेच, स्वस्त आहे. पण रात्रपाळ्या, अवेळी जेवण, वाढलेला रक्तदाब आणि पन्नाशीकडे झुकलेले वय असलेल्या पोलिस हवालदाराला किंवा फायरमनला खरा धोका कशाचा आहे? आयुर्विमा कोणत्याही कारणाने आलेल्या मरणाला, अगदी घरी झोपेत आलेल्यालाही, पैसे देतो. अपघात विमा देत नाही. आधी आयुर्विमा, मग अपघात विमा, हा क्रम आपल्याकडे नेमका उलटा झाला आहे, कारण अपघात विमा फुकट मिळतो आणि आयुर्विम्याचा हप्ता खिशातून जातो.

आयुर्विमा म्हणजे तरी कोणता? एजंटाने गळ्यात मारलेली, वीस वर्षांनी ‘बोनससह परत’ मिळणारी पॉलिसी नव्हे. वर्षाला पंधरा-वीस हजार भरून तीन-चार लाखांचे कवच, हा सौदा कमावत्याच्या मरणाच्या दृष्टीने कुचकामी आहे. नुसत्या जोखमीचा, मुदतीत काही झाले नाही तर एक पैसाही परत न करणारा मुदत विमा आपल्या लोकांना ‘पैसे बुडाले’ असा वाटतो. वास्तविक या घरांना हवा तो हाच. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरील जीएसटीही गेला आहे. घरावर पतसंस्थेचे, हातउसने असे कर्ज असेल तर पुरुषाने ही पॉलिसी १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली, बायको-मुलांच्या नावे घ्यावी. घेतानाच अर्जात तसे नमूद करावे लागते, नंतर करता येत नाही. मग त्या रकमेवर सहसा धनकोचा हात पोहोचत नाही. दीडशे वर्षांपूर्वीचा हा कायदा आहे आणि एजंटांपैकी फार थोडे तो आपणहून सांगतात.

आता त्याच डोंगरावर, त्याच पुरात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या माणसांकडे पाहू. काम एक, धोका एक, पण हजेरीपट वेगवेगळे, आणि मागे राहिलेल्यांचे भवितव्य ठरते ते हजेरीपटावरून. केंद्र सरकारचा कर्मचारी कर्तव्य बजावताना अपघाताने गेला तर २०१६ पासूनच्या नियमांप्रमाणे वारसांना २५ लाख रुपये सानुग्रह अनुदान आहे. राज्य सरकारी सेवेत १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. मात्र सेवेत असताना मृत्यू आल्यास कुटुंब निवृत्तिवेतनाचा मार्ग ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने खुला झाला. आपल्या माणसाचा त्यासाठीचा विकल्प दप्तरी लागला आहे का, हे आजच विचारून घ्यावे. अनुकंपा नोकरीवर भिस्त ठेवणाऱ्यांनी प्रतीक्षायादीची लांबी पाहावी आणि तोवर चूल कशावर पेटणार याचा विचार करावा.

त्याच्या शेजारी १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेचा चालक उभा असतो. २०१४ पासून ही सेवा आपल्याकडे आहे, पण चालक आणि डॉक्टर कंत्राटी. त्यांच्या पगारातून भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर त्याला जोडलेला एक विमा असतो. त्याचा हप्ता मालक भरतो, त्यामुळे घरी त्याचा पत्ताच नसतो. नोकरीत असताना कोणत्याही कारणाने मृत्यू आला तरी कमाल ७ लाख रुपये त्यातून मिळतात. कंत्राटदार बदलला, मध्ये दोन महिने निधी भरलाच गेला नाही, असे झाले की हे कवच संकटात येते. म्हणून निधीचे पासबुक मोबाइलवर दर महिन्याला उघडून पाहणे हा केवळ चाळा नव्हे.

आणि मग होमगार्ड. यांना पगार नाही, बंदोबस्ताच्या दिवसापुरता भत्ता. २०२४ मध्ये तो दिवसाला ५७० वरून १,०८३ रुपये झाला, तरी ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी दाम नाही.

सर्वांत शेवटी तो, जो कोणत्याच पटावर नाही. १९९३ मध्ये शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरली आणि २००८ मध्ये मुंबईवरचा हल्ला समुद्रातून आला, त्यानंतर सागर सुरक्षा दलांची आठवण सरकारला वरचेवर होत आली. त्या दलांतला कोळी तरुण पूर आला की होडी काढतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल एसटी गाड्यांसह वाहून गेला, तेव्हा खाडीच्या तोंडापर्यंत शोध घेताना पाण्याची ओढ कुठे नेते हे ठाऊक असलेली माणसे लागलीच. त्या तरुणासाठी कागदावर दोन गोष्टी आहेत. मच्छीमारांच्या सामूहिक अपघात विम्यातून मृत्यू वा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख रुपये मिळतात आणि हप्ता सरकार भरते. मात्र नाव नोंदलेले हवे. मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत एक चक्कर मारून खात्री करावी. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आपत्तीतील मृतांच्या वारसांना राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून ४ लाख रुपये मिळतात, हे सर्वांना माहीत असते. त्या निकषांत मदतकार्यात गुंतलेल्या व्यक्तींचाही स्पष्ट उल्लेख आहे, हे फार थोड्यांना. अट एकच: मृत्यूच्या कारणाचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला.

इथेच सगळे अडते. मदतीला गेलेला माणूस कोणाच्या सांगण्यावरून गेला होता? कुठे नोंद आहे? पोलिस असेल तर स्टेशन डायरीत नोंद असते. गावचा पोहणारा पोरगा ‘चल रे’ म्हटल्यावर लुंगी खोचून गेलेला असतो. म्हणून पुराचा इशारा आला की तलाठ्याकडे, पोलिस पाटलाकडे स्वयंसेवकांची यादी आधी द्यावी. निघताना तहसीलच्या नियंत्रण कक्षाला फोन करावा, निदान संदेश पाठवून ठेवावा. शौर्याला हा कारकुनी सोपस्कार शोभत नाही, हे खरे. पण पुढे त्याच्या बायकोला तहसील कचेरीत जे खेटे घालावे लागतील त्यांपैकी निम्मे या एका नोंदीने वाचतील.

आणखी कठीण प्रसंग असतो तो माणूस सापडतच नाही तेव्हा. २०२१ मध्ये तळियेत आणि २०२३ मध्ये इर्शाळवाडीत बेपत्ता माणसांना मृत मानण्याचा निर्णय शासनाने लवकर घेतला. पण एकटी होडी उलटली तर असा निर्णय कोण घेणार? कायदा सर्वसाधारणपणे सात वर्षे वाट पाहायला लावतो. ही सात वर्षे घरखर्च थांबत नाही, आणि केवळ नवऱ्याच्या नावावर असलेले खाते पत्नीला हातही लावता येत नाही. त्यामुळे निदान एक बचत खाते दोघांच्या नावे, ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीचे असायलाच हवे.

वारसनोंदीचा, म्हणजे नॉमिनीचा घोळ तर घरोघरी आहे. लग्नाआधी नोकरी लागली, फॉर्मवर आईचे नाव घातले. पुढे लग्न झाले, मुले झाली, नाव तेच राहिले. मग एकाच दुःखात बुडालेल्या सासू-सुनेमध्ये पैशावरून भिंत उभी राहते. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो बहुतेक ठिकाणी केवळ रक्कम स्वीकारणारा, हे सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत १९८३ मध्ये आणि शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले. विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीने आई-वडील, पती-पत्नी आणि मुले यांना रकमेवर खरा हक्क दिला. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात आणि वाटा टक्केवारीत लिहिता येतो. आई आणि बायको दोघींची नावे घालून टाकावीत. तो विषय काढायला जो संकोच वाटतो, तो नंतरच्या भांडणापेक्षा स्वस्त पडतो.

रक्कम किती लागते? महिना २० हजार रुपये खर्चाचे घर धरू. दोन पंतप्रधान विमा योजनांचे मिळून ४ लाख, अपघाती मृत्यू असेल तरच, वीस महिने पुरतात. भविष्य निर्वाह निधीचे ७ लाख पूर्ण मिळाले तर आणखी पस्तीस. एकूण साडेचार वर्षे. तिसरीतले मूल तोवर जेमतेम आठवीच्या दाराशी येते, तेही महागाई नाही आणि कर्ज नाही असे गृहीत धरून. पोलिस लाइनीतली खोली सोडावी लागते, ती वेगळीच. घरासाठी ‘डीजी लोन’ किंवा बँकेचे कर्ज काढले असेल तर तेवढ्या रकमेचा स्वतंत्र मुदत विमा हवा. नाहीतर आलेली मदत कर्जाच्या खात्यात जिरते.

शिवाय आपल्या किनाऱ्याची एक खास गोम आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर आले. ज्या पोलिसाला, वायरमनला, होमगार्डला त्या दिवशी कामावर जावे लागले, त्याच्याच घराची कौले उडाली आणि त्याच्याच वाडीतली सुपारी-माडाची झाडे आडवी झाली. सुपारीचे रोप लावल्यापासून फळ हाती यायला पाच-सात वर्षे जातात. म्हणजे जी आपत्ती त्याला बाहेर बोलावते, तीच त्याच्या घराचा दुसरा आधार मोडते. पगाराला जोड म्हणून वाडी, नाहीतर पर्यटकांसाठी दोन खोल्या, हे इकडचे नेहमीचे गणित आहे; ते वाईट नाही, पण त्याला बचत म्हणू नये. थोडे पैसे या किनाऱ्याशी काहीच संबंध नसलेल्या ठिकाणी, पोस्टात किंवा म्युच्युअल फंडात असावेत. आणि दोन आठवड्यांच्या खर्चाची रोख रक्कम प्लास्टिकच्या पिशवीत घरातच ठेवावी. वादळानंतर कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. खात्यात पैसे असूनही दुकानदाराला दाखवायला काही नव्हते.

दुर्दैवाने रक्कम हाती आलीच, तर पहिले सहा महिने ती ठेवीत पडू द्यावी. या दिवसांत दारात तीन प्रकारची माणसे येतात: उसने मागणारे नातेवाईक, नवी पॉलिसी विकणारे, आणि अटल सेतू झाल्यापासून अलिबाग-उरण भागात सुगी आलेले जमिनीचे दलाल. ‘वहिनी, दोन गुंठे घेऊन ठेवा’ या सल्ल्याने कोणाचे भले होते हे सांगायला नको. पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत एका नावावर ९ लाखांपर्यंत ठेवता येतात, ७.४ टक्के दर धरला तर महिना ५,५५० रुपये येतात. किराणा त्यावर निघतो, शाळेची फी नाही.

जाता जाता एक तारीख. ४३६ रुपयांचा जीवन ज्योती आणि २० रुपयांचा सुरक्षा विमा, असे ४५६ रुपये बँक मेच्या अखेरीस खात्यातून कापते, कारण दोन्हींचे वर्ष १ जूनपासून ३१ मेपर्यंत असते. आपल्याकडे नेमके तेव्हाच हात तोकडे असतात. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, घर शाकारणी झालेली, वह्या-पुस्तकांचा खर्च तोंडावर. खात्यात शिल्लक नसली की विमा बंद पडतो, आणि कोणी घरी येऊन सांगत नाही. जीवन ज्योतीत पुन्हा नाव घातले तर पहिले तीस दिवस अपघाताखेरीज कोणत्याही कारणाने आलेल्या मृत्यूला पैसे मिळत नाहीत. २५ जूनला पुन्हा नाव घातलेल्या माणसाचे हृदय २० जुलैला डोंगर चढताना बंद पडले, तर घरी काही येणार नाही. २० मेच्या सुमारास पासबुक भरून आणावे आणि पाचशे रुपये खात्यात टाकून ठेवावेत.