हे अडाणी हात नव्हेत

क्योतोतल्या दाइतोकुजी मठात, कोहोआन नावाच्या मंदिरात, 'किझाएमोन' हा चहाचा वाडगा जपून ठेवला आहे. सोळाव्या शतकात कोरियात घडलेला, लोकाटच्या फळासारख्या पिवळसर रंगाचा, तोंडाशी सुमारे १५ सेंटीमीटर. जपानचा तो राष्ट्रीय ठेवा आहे.

लोककला चळवळीचे प्रणेते यानागी सोएत्सु यांनी १९३१ साली तो पाहिला. त्यांच्या मते, गरीब, अनाम कुंभारानं रोजच्या भातासाठी, कसलाही विचार न करता घडवलेलं हे भांडं. म्हणूनच ते सुंदर. जगभरच्या कुंभारकामाच्या स्टुडिओंत हे मत आजही आदरानं सांगितलं जातं. मला ते पटत नाही.

मी स्वतः चाकावर बसते. या वाडग्याच्या बुडाकडे बघा. माती अर्धवट वाळल्यावर बूड तासलं, की भरड मातीचा पृष्ठभाग फाटतो, आणि अशा खरखरीत जागी झिलई भट्टीत आकसून थेंबाथेंबांनी गोळा होते. जपानी चहारसिक याला 'काइरागी' म्हणतात आणि त्यावर जीव टाकतात. माती जरा जास्त ओली असती तर पातं रुतलं असतं, जास्त सुकली असती तर नुसती भुकटी उडाली असती. नेमकी वेळ बोटांना कळावी लागते, आणि ते कळायला वर्षं जातात. त्या कुंभाराचं नाव आपल्याला माहीत नाही, एवढ्यावरून त्याला अजाण ठरवणं हा अन्याय आहे.

आणि हे हात खरंच अजाण होते, तर त्यांना पळवून का न्यावं लागलं? १५९२ ते १५९८ या काळात जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या फौजांनी कोरियावर दोनदा स्वारी केली. परतताना सरदारांनी कुंभार कुटुंबांसकट उचलून आणले. चहारसिकांच्या लाडक्या, जपानातल्या हागी गावच्या वाडग्यांची परंपरा मोरी सरदाराकडे आणलेल्या ली आडनावाच्या दोन भावांपासून सुरू होते. सात्सुमा प्रांतातल्या नाएशिरोगावा गावी तिथल्या शिमाझू सरदारांनी कुंभारांची वस्तीच बसवली. तिथलं चिन घराणं आपलं कोरियन आडनाव सांभाळत आजही भट्टी पेटवतं.

हागी वाडग्याच्या साधेपणावर पानंच्या पानं लिहिली जातात. त्यांतला निदान एक परिच्छेद या कैद्यांचा असावा, आणि तो शेवटच्या तळटीपेत नको.