दाणेदार

आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर गेल्या दीड वर्षापासून एक इलेक्ट्रिक गिटार नांदत आहे. रविवार कारंजाच्या परिसरातील ज्या घराच्या तळमजल्यावर तीन पिढ्यांनी गहू, ज्वारी आणि डाळी मोजल्या, त्याच घरात तिचे वास्तव्य असावे, याचे प्रथम मलाही नवल वाटले होते. नातू वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. खाऊच्या आणि सणावारी मिळालेल्या पैशांतून त्याने ती घेतली, तेव्हा मी त्यास हरकत घेतली नाही. व्यापाऱ्याच्या मुलाने स्वतःच्या पैशाने घेतलेल्या वस्तूचा हिशेब स्वतःच द्यावा, असे माझे मत आहे.

हिशेब देण्याची वेळ मात्र फार लवकर आली. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात एका गीताच्या मध्यावरील अतिद्रुत तुकडा वाजविण्याचे काम त्याच्याकडे आले होते. जेवण झाले की कानांवर हेडफोन चढवून तो रात्री तीन-तीन तास बसे. एके दिवशी त्याने मोठ्या हौसेने आम्हा सर्वांना बोलावले आणि तो तुकडा ऐकविला. बोटे विलक्षण वेगाने धावत होती. वाजवून झाल्यावर त्याने माझ्याकडे पाहिले.

मी म्हणालो, "बेटा, हे सगळे पीठ झाले. यात दाणा कुठे आहे?"

त्याला राग आला, आणि तो येणे स्वाभाविकही होते. परंतु आठच दिवसांनी सकाळी ताटावर बसल्यावर त्याला डाव्या हाताने वाटीसुद्धा उचलता येईना. मनगटाजवळच्या स्नायुबंधांना सूज आली असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आणि तीन आठवडे वाद्यास हात न लावण्याची सक्त ताकीद दिली. स्नेहसंमेलन अवघ्या महिन्यावर आले होते. त्याच रात्री माझे चिरंजीव म्हणाले, "बाबा, ती गिटार विकून टाकू. तेवढा वेळ दुकानात बसला असता, तर चार गिऱ्हाइके ओळखीची झाली असती." नातू काही बोलला नाही. तो उठून वर गेला. निर्णय घरातील वडीलधारा म्हणून माझ्यावर आला.

मला त्या संगीतातले काहीच कळत नव्हते. मात्र 'दाणा' हा शब्द माझ्या तोंडून का आला, याचा मी विचार करू लागलो. संगीताच्या क्षेत्रात 'दाणेदार तान' असा शब्दप्रयोग आहे. तान कितीही द्रुत असो, तिच्यातील प्रत्येक स्वर सुटा, टपोरा आणि स्वच्छ ऐकू यावा, हा त्याचा अर्थ. या शब्दाचा मूर्तिमंत अनुभव ज्यांनी दिला, ते पं. द. वि. पलुस्कर आपल्या नाशिकचेच. त्यांचा जन्म येथे १९२१ साली झाला. त्यांचे वडील पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले होते, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात ते नाशिकला आश्रम करून राहिले. १९३१ मध्ये वडील गेले, तेव्हा हा मुलगा अवघा दहा वर्षांचा होता. पुढे पं. विनायकराव पटवर्धन आणि पं. नारायणराव व्यास यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. १९५५ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ते गेले. त्यांच्या जुन्या तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांच्या आहेत. एवढ्याशा अवधीतही तान घाईची वाटत नाही. निवडून, पाखडून ठेवलेल्या गव्हासारखा एकेक स्वर वेगळा दिसतो. माझ्या वडिलांच्या ग्रामोफोनवर लहानपणी ऐकलेली ती तान माझ्या कानात होती. नातवाच्या वादनात तीच मी शोधत होतो.

तीन आठवड्यांची सक्तीची विश्रांती संपल्यावर मी स्वतः नातवाबरोबर त्याच्या शिक्षकांकडे गेलो. त्या तरुण गृहस्थांनी मला जे समजावून सांगितले, ते व्यापाऱ्याला पटावे असेच होते. मेट्रोनोम नावाचे यंत्र मिनिटाला ठरावीक ठोके देते. मिनिटाला १२० ठोके आणि प्रत्येक ठोक्यात चार स्वर, असे धरले तर सेकंदाला आठ स्वर होतात. म्हणजे एका स्वराच्या वाट्याला सेकंदाचा आठवा हिस्सा येतो. तेवढ्या अवधीत डाव्या हाताच्या बोटाने तार दाबणे आणि उजव्या हातातील पिकने ती छेडणे, या दोन्ही क्रिया एकाच क्षणी घडाव्या लागतात. त्यात किंचित अंतर पडले की स्वर अर्धवट उमटतो. अर्धवट स्वर एकमेकांत मिसळले की होते ते पीठ.

पुढचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा होता. हाताला चूक आणि बरोबर हा भेद कळत नाही. जे वारंवार घडते तेच तो शिकतो. वेगात शंभर वेळा चुकीचे वाजविणारा माणूस शंभर वेळा चुकीचाच सराव करीत असतो. शिवाय न जमणारा वेग ओढून आणण्यासाठी शरीर नकळत ताठ होते. खांदा वर चढतो, अंगठा गिटारीची मान आवळून धरतो आणि बोटे गरजेच्या दुप्पट जोराने तार दाबतात. नातवाचे मनगट त्या आवळण्याने दुखावले होते.

हे ऐकताना मला आमच्या दुकानातील जुन्या नोकरांची आठवण झाली. प्लास्टिकच्या पिशव्या येण्यापूर्वी सारा किराणा कागदाच्या पुडीत बांधला जाई आणि दोऱ्याचे रीळ डोक्यावर टांगलेले असे. सणाच्या दिवसांत त्यांच्यातील एक वृद्ध गृहस्थ इतर सर्वांच्या दुप्पट पुड्या बांधीत. परंतु त्यांच्याकडे पाहिले तर ते सावकाश काम करीत आहेत असेच वाटे. त्यांचा हात दोऱ्यापासून कधी लांब जात नसे, एकही हालचाल वाया जात नसे आणि पुडी कधी सुटत नसे. शिकाऊ पोरे मात्र हातवारे करीत, घामाघूम होत आणि त्यांच्या पुड्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत उलगडत. शिक्षकांनी नातवाला सांगितले तेही हेच होते: बोटे तारेपासून फार उचलू नकोस, पडद्याच्या अगदी मागे दाब, म्हणजे थोडक्या जोराने स्वर स्वच्छ येईल, पिकचे फक्त टोक बाहेर ठेव, आणि एक आघात खाली, एक वर, हा क्रम मोडू नकोस.

मग नवा अभ्यास ठरला. पाचव्या ते आठव्या पडद्यावर चार बोटे क्रमाने ठेवीत सहाही तारांवरून जायचे. एका फेरीत चोवीस स्वर होतात. मेट्रोनोम साठावर लावून प्रथम एका ठोक्याला एकच स्वर वाजवायचा. मग दोन, मग चार. आपल्या संगीतातील ठाय, दुगुण आणि चौगुण यांचीच ही रीत आहे. साठाच्या लयीत चौगुण सलग पाच वेळा बिनचूक आली, तरच चार ठोके वाढवायचे. चूक झाली की चार ठोके उतरायचे. साठापासून एकशेवीसपर्यंत अशा पंधरा पायऱ्या होतात. एकेका पायरीला आठवडा लागला, तरी चार महिन्यांत सेकंदाला चार स्वरांवरून आठ स्वर होतात. सलग तीन तासांची बैठक बंद झाली. सकाळी वीस मिनिटे, संध्याकाळी वीस मिनिटे आणि मध्ये हात पूर्ण सैल सोडणे, एवढेच. दुखले, मुंग्या आल्या की त्याच क्षणी थांबायचे.

आणखी एक पथ्य होते. इलेक्ट्रिक गिटारीचा जो खरखरीत, भरदार आवाज तरुणांना आवडतो, तो 'डिस्टॉर्शन'ने येतो. त्या आवाजाखाली लहानसहान चुका झाकल्या जातात, आणि उलटपक्षी नको असलेली तार चुकून हलली, तर तिचाही गोंगाट मोठा होतो. म्हणून सराव साध्या, निर्मळ आवाजात करायचा आणि न वाजणाऱ्या तारा तळहाताच्या कडेने व मोकळ्या बोटांनी शांत ठेवायच्या. आपण धान्य दिव्याच्या पिवळ्या उजेडात पारखत नाही, दारात नेऊन उन्हात पाहतो. त्यातलाच हा प्रकार.

या काळात आमच्या घरातून एक वेगळा प्रश्न आला. "या वाद्यात चामडे किंवा तात तर नाही ना?" प्रश्न रास्त होता. साध्या गिटारीला पूर्वी जनावरांच्या आतड्यांची तात लावीत. दुसऱ्या महायुद्धानंतर तिची जागा नायलॉनने घेतली. इलेक्ट्रिक गिटारीला मात्र तात चालतच नाही. तारांखाली चुंबक असतात आणि त्यांभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार कंप पावली की त्या वेढ्यांत सूक्ष्म वीजप्रवाह निर्माण होतो आणि अँप्लिफायर तो मोठा करतो. म्हणून तार लोखंड-पोलादाचीच हवी. पिक पूर्वी कासवाच्या कवचाचीही असे. आता ती प्लास्टिकची किंवा नायलॉनची मिळते. खांद्याचा पट्टा चामड्याऐवजी सुती घेता येतो. मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी काही गिटारींत हाडाची असते, म्हणून खरेदीपूर्वी तेवढे विचारून घ्यावे. आमची प्लास्टिकची निघाली आणि घरातील एक किल्मिष दूर झाले.

चिरंजीवांचे म्हणणे मात्र बदलले नव्हते. हे परकीय खूळ आहे, आपल्या मुलाचा यात काय निभाव, असे ते म्हणत. मी त्यांना जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्याविषयी सांगितले. जगातील अतिद्रुत गिटारवादकांत गणना होणाऱ्या या इंग्रज गृहस्थांनी १९७० च्या दशकात मुंबईच्या उस्ताद झाकीर हुसेन यांच्यासह 'शक्ती' हा वाद्यवृंद उभारला. मृदंगाचे बोल तोंडाने म्हणण्याची दाक्षिणात्य विद्या, कोन्नकोल, ते शिकले. जगभर नाव झालेल्या वादकालाही आपल्याकडे येऊन मुळाक्षरे गिरवावीशी वाटली. त्याच 'शक्ती'ला २०२४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. चेंबूरचे शंकर महादेवन त्यात गायक होते. नातवाचे शिक्षकही हेच सांगतात की जे तोंडाने लयीत म्हणता येत नाही, ते हाताने लयीत वाजणार नाही. आता आमच्या जिन्यात "एक-दोन-तीन-चार" असा जप ऐकू येतो.

स्नेहसंमेलन झाले. तो द्रुत तुकडा दुसऱ्या एका मुलाने वाजविला. आमचा नातू मागे उभा राहून साथीचे साधे सूर वाजवीत होता. घरी परतताना तो गप्प होता, आणि मीही त्याची समजूत घातली नाही. हातची संधी गेली, हे खरेच होते. तिला गोड नाव देऊन काय उपयोग? परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मेट्रोनोमचा ठोका सुरू झाला, तेव्हा गिटार विकायची नाही, हा माझा निर्णय पक्का झाला.

मला वाटते, चूक एकट्या नातवाची नव्हती. किती गुण, किती वेळात, किती उलाढाल, हेच प्रश्न आपण मुलांना विचारतो. माल कसा आहे, हे विचारायचे राहून जाते. आमचे जुने मुनीमजी मला रोजमेळ शिकविताना बजावीत, "आधी बिनचूक, मग झटपट." त्यांचे बोट खात्यावरून सरसर फिरे, कारण वर्षानुवर्षे ते सावकाश फिरले होते. वेग ही कमाई आहे. ती उसनी आणता येत नाही, आणि आणलीच तर व्याज मनगट भरते.

गेल्या आठवड्यात एक लहानशी गोष्ट घडली. रात्री दुकान बंद करून चिरंजीव वर आले. नातू बसला होता, ठोका चालू होता. ते दारात थांबले, थोडा वेळ ऐकत राहिले आणि बाजारात गव्हाचा विचारावा त्या सुरात म्हणाले, "आज काय भाव?"

"चौऱ्याऐंशी, पप्पा. दोन दिवस स्थिर आहे."

"असू दे," ते म्हणाले. "उतरला तरी चालेल. माल स्वच्छ ठेव."