तांबेऱ्याच्या उपजाती आणि आपली गव्हाची खरेदी

स्मरणिकेत मंडी-शुल्क, कर व भावताव यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. आम्ही या वेळी व्यापारीबंधूंचे लक्ष अशा एका शत्रूकडे वेधू इच्छितो की, जो आपल्या काट्यावर कधी चढत नाही, परंतु ज्याच्यामुळे ढिगातला दाणा चिमतो व वजन घटते. हा शत्रू म्हणजे गव्हावरील तांबेरा.

१९४६-४७ च्या हंगामात काळ्या तांबेऱ्याने मध्य भारतातील उभा गहू नासविला; त्या नुकसानीचा अंदाज सुमारे २० लाख टनांचा केला जातो. आग्र्याचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी त्यापूर्वीच दाखवून दिले होते की, मैदानी मुलखातील उन्हाळ्यात ही बुरशी जगत नाही. काळा तांबेरा दक्षिणेत निलगिरी-पळणीच्या डोंगरांत तग धरतो आणि वाऱ्यावर स्वार होऊन आपल्याकडे येतो. इंदुरात १९५१ साली भारतीय कृषि संशोधन संस्थेचे गव्हाचे केंद्र निघाले. तांबेऱ्यास दाद न देणारे वाण काढणे हे त्याचे प्रमुख कार्य होय.

मात्र हे कार्य एकदा करून संपणारे नाही. काळा, तपकिरी व पिवळा असे तांबेऱ्याचे तीन प्रकार, आणि प्रत्येकाच्या अनेक उपजाती. त्या दिसावयास सारख्याच. ठरावीक वाणांच्या रोपांवर सोडून पाहिल्यावाचून कोणती कोणत्या गव्हास लागते ते कळत नाही. (चौऱ्यांशी लक्ष योनी मानणाऱ्या आपल्या समाजास याचे नवल वाटू नये.) मुरैना-भिंडकडील मोहरीचीही हीच कथा आहे. तिच्यावर बळावणारी पांढऱ्या तांबेऱ्याची उपजात मुळ्यावर तसा जोर धरीत नाही. आज निरोगी असलेला वाण उद्या नव्या उपजातीपुढे हात टेकतो. १९९८ साली युगांडात काळ्या तांबेऱ्याची जी उपजात आढळली, तिने जगभरच्या असंख्य वाणांचा एक भरवशाचा आधारच मोडला आणि पुढे ती येमेन व इराणपर्यंत पोहोचली.

यात व्यापाऱ्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. आपण एकाच नावाच्या गव्हास चढा भाव देतो, म्हणून कोसच्या कोस तोच एक वाण पेरला जातो. मग त्यास लागणारी उपजात आली की तिला आडकाठी उरत नाही. माळव्यात पूर्वापार कठिया गहू होत असे, ज्यास शास्त्रज्ञ ड्यूरम म्हणतात. तपकिरी तांबेऱ्याच्या ज्या उपजाती साध्या गव्हावर चालतात, त्या बहुधा कठियावर चालत नाहीत, उलटही तसेच. दोन्ही शेजारी असले की रोगाची वाट तुटते. येथील केंद्राने पूसा तेजससारखे कठियाचे वाण दिले आहेत. संघाच्या पंगतीत बाफले कठियाचेच हवेत म्हणून आग्रह धरणारे आम्ही, लिलावात मात्र त्याच ढिगापुढून मान फिरवितो, हे आम्हांस बरे दिसत नाही.

गिरणीवाल्यांस एकसारखे पीठ हवे असते, हे मान्य. परंतु दलिया व रवा यांस कठिया लागतोच. त्याचा माल वेगळा राखून वेगळा भाव बांधणे अवघड नाही. दुसरे असे की, चिमलेला दाणा आला म्हणजे आपण भाव पाडून मोकळे होतो. तो कोणत्या गावचा व कोणत्या वाणाचा, एवढे वहीत टिपून दर हंगामाअखेर आपल्या संघाने ती यादी इंदूर केंद्राकडे धाडावी, अशी आमची सूचना आहे. येत्या चैत्रातील आवकेपासून आमच्या पेढीवर अशी वही ठेविली जाईल.