पहिली गोष्ट लिहितांना

वार्षिकाचे दिवस जवळ आले म्हणजे मराठी विभागाकडे गोष्टींचा ओघ सुरू होतो. कविता थोड्या, निबंध त्याहूनही थोडे. पण गोष्टी मात्र भरपूर! आमच्या विद्यार्थ्यांस लिहावेंसें वाटतें, हें पाहून समाधान होतें. परंतु त्या सर्व गोष्टी एका बैठकींत वाचणारास एक चमत्कारिक अनुभव येतो. लेखक निरनिराळे, इयत्ता निरनिराळ्या. पण गोष्ट बहुधा एकच. एक गरीब पण हुशार मुलगा असतो. त्याची आई आजारी असते. बाहेर धो धो पाऊस कोसळत असतो. ऐन वेळीं कोणी श्रीमंत गृहस्थ मोटारींतून उतरतो, आणि शेवटीं तो मुलगा मोठा डॉक्टर होतो. असा गृहस्थ लिहिणारांपैकीं कोणासही प्रत्यक्ष भेटलेला नसतो.

मुलांस कल्पना नाहीं, म्हणून असें होतें काय? मला तसें वाटत नाहीं. आपण रोज जें पाहतों तें लिहिण्याच्या योग्यतेचें नाहीं, असा त्यांचा समज झालेला असतो. गोष्ट म्हणजे दुसरीकडे कोठें तरी, दुसऱ्या कोणाला तरी घडावयाची, अशी त्यांची समजूत. माझें मत याच्या अगदीं उलट आहे. पहिली गोष्ट लिहितांना आपल्या डोळ्यांनीं पाहिलेल्या एका लहानशा प्रसंगापासूनच आरंभ करावा, आणि तो जसा दिसला तसा सांगावा. हें मत मीं पुस्तकांतून घेतलेलें नाहीं. माझ्या हातून घडलेल्या एका चुकीनें तें मला शिकविलें.

बऱ्याच वर्षांपूर्वीं, मी दुसऱ्या एका गांवीं शिक्षक असतांना, आठवींतील एका मुलानें मजकडे दीड पानाची गोष्ट आणून दिली. त्याचे वडील कांदा घेऊन बाजारास गेले होते. भाव इतका पडला होता कीं, गाडीभाडेंसुद्धां निघालें नाहीं. रात्रीं ते उशिरां घरीं आले. कोणीं कांहीं विचारलें नाहीं. सकाळीं मुलगा उठून पाहतो, तों आई रिकामीं पोतीं धुऊन पिळून देत आहे आणि वडील तीं कुंपणावर वाळत घालीत आहेत. गोष्ट येथेंच संपली होती.

मला ती अपुरी वाटली. मीं तांबडी शाई घेतली, पोत्यांचा मजकूर खोडला, तेथें 'दारिद्र्याच्या वणव्यांत होरपळणारा बळिराजा' आणून बसविला, आणि अखेरीस 'प्रयत्नांतीं यश हें ठेवलेलेंच' असें तात्पर्य जोडलें. गोष्ट छापली गेली. तिला बक्षीसही मिळालें. पुढील वर्षीं मीं त्या मुलाकडे नवी गोष्ट मागितली, तेव्हां तो खालीं पाहून म्हणाला, "सर, तुम्हीच लिहा. मला तसलं येत नाही."

तो त्या शाळेंत असेपर्यंत त्यानें पुन्हां गोष्ट दिली नाहीं. पुढें केव्हां तरी मला उमगलें कीं, त्या धुतलेल्या पोत्यांत सर्व कांहीं होतें. पैसा बुडाला होता, नवराबायकोंनीं एकमेकांची समजूत न बोलतां घातली होती, आणि पुढल्या पिकाला पोतीं पुन्हां लागणार होतीं. मुलाला तें दिसलें होतें. शिक्षकाला दिसलें नाहीं.

थोर कथाकारांनीं काय केलें तें पाहावें. रशियन लेखक चेकॉव्ह यानें १८८० सालीं, वैद्यकाचा विद्यार्थी असतांना, घरखर्चास हातभार लागावा म्हणून विनोदी नियतकालिकांसाठीं लहान लहान मजकूर लिहिण्यास आरंभ केला. तेथें जागेची मर्यादा कडक असे. त्यामुळें थोडक्यांत सांगण्याची संवय त्याच्या अंगीं मुरली. १८८६ सालच्या त्याच्या एका गोष्टींत एका गाडीवानाचा मुलगा नुकताच वारला आहे. गाडींत बसणाऱ्या गिऱ्हाइकांना तो तें सांगूं पाहतो. पण ऐकून घ्यावयास कोणास सवड नसते. अखेर तो तबेल्यांत जाऊन आपल्या घोडीलाच सगळी हकीकत सांगतो. एवढीच ती गोष्ट! तींत योगायोग नाहीं, तात्पर्य नाहीं. तरी वाचणाराचा कंठ दाटून येतो. आपल्याकडे हरि नारायण आपटे यांनीं १८९० सालीं 'करमणूक' पत्र सुरू केलें, आणि त्यांतून त्यांच्या स्फुट गोष्टी घरोघर वाचल्या गेल्या. पुढें १९४९ सालीं व्यंकटेश माडगूळकर यांचें 'माणदेशी माणसं' प्रसिद्ध झालें, तेव्हां त्यांनीं जवळून पाहिलेलीं कोरडवाहू मुलुखांतील साधीं माणसें मराठी वाङ्मयांत कायमचीं येऊन बसलीं.

पाहिलेलें लिहावें, याचा अर्थ कल्पनेस बंदी असा मात्र कोणीं करूं नये. बाजारांतून परततांना वडिलांच्या मनांत काय आलें असेल, हें मुलाला कल्पनेनेंच जाणावें लागतें. तसेंच, घरांतील किंवा शेजारचें दुःख चव्हाट्यावर मांडणें बरें नव्हे. नांव बदलावें, गांव बदलावा. प्रसंगाचा गाभा मात्र बदलूं नये.

आतां प्रत्यक्ष लेखनाविषयीं थोडेंसें. एकच प्रसंग घ्यावा, आणि तो शक्य तों एका दिवसांत संपणारा असावा. पात्रें दोन किंवा तीन पुरेत. 'सूर्यनारायण पूर्वेस उगवत होते' अशा वर्णनानें आरंभ न करतां, जेथें कांहीं घडूं लागतें तेथूनच सुरुवात करावी. 'झाड' म्हणण्यापेक्षां, तें बाभळीचें असेल तर बाभूळ म्हणावें. माणसें जशीं बोलतात तशींच त्यांस बोलूं द्यावें. आजी मालवणी किंवा वऱ्हाडी बोलत असेल, तर तिच्या तोंडीं पुस्तकी भाषा घालूं नये. लिहून झाल्यावर कागद आठ दिवस बाजूस ठेवावा आणि मग मोठ्यानें वाचावा. जीभ अडखळेल तें वाक्य पुन्हां लिहावें. केवळ भारदस्त वाटतो म्हणून घातलेला शब्द खोडावा. प्रसंग संपला कीं थांबावें. तात्पर्य काढण्याचें काम वाचकावर सोपवावें.

पालकांसही एक विनंती आहे. मुलगा अथवा मुलगी गोष्ट लिहीत बसली, तर 'अभ्यास सोडून हें काय?' असें एकदम म्हणूं नये. आणि ती चांगली व्हावी म्हणून स्वतः लिहूनही देऊं नये. ती शेवटपर्यंत ऐकून घ्यावी आणि 'मग त्यानंतर काय झालें?' एवढेंच विचारावें. हा प्रश्न मीं त्या मुलास विचारला असता, तर पोत्यांच्या त्या गोष्टीस कदाचित् आणखी अर्धें पान जोडलें गेलें असतें, आणि तें त्याचें स्वतःचें असतें.

विद्यार्थिमित्रहो, पुढील वार्षिकास अजून पुष्कळ अवकाश आहे. आज संध्याकाळीं घरीं गेल्यावर जरा आजूबाजूस पाहा. कुंपणावर काय वाळत आहे, आणि तें तेथें कां आहे, एवढें लिहून आणा. तांबडी शाई मी या खेपेस बेतानें वापरीन.