अरण्याची बेटे होऊ नयेत

मुंबईसारख्या महानगराच्या कुशीत सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आजही टिकून आहे, याचे श्रेय कायद्यांना आणि जागरूक नागरिकांना द्यावेच लागेल. परंतु अरण्याची मोजदाद केवळ क्षेत्रफळाने करण्याची आपली सवय घातक आहे. अरण्य किती उरले याइतकेच, ते कशाशी जोडलेले उरले, हेही महत्त्वाचे असते.

या उद्यानाच्या पूर्वेस ठाणे, पश्चिमेस बोरिवली आणि दक्षिणेस आरे वसाहतीपलीकडची उपनगरे पसरली आहेत. मोठ्या अरण्याकडे जाणारी वाट उरली आहे ती उत्तरेची. घोडबंदर रस्ता, वसईची खाडी व लोहमार्ग ओलांडला की तुंगारेश्वरचे अभयारण्य लागते. ही वाटही गृहसंकुले, गोदामे आणि वाढत्या रहदारीने आवळली जात आहे.

वन्य प्राणी अशा वाटेने खरोखरच जातात काय, असा प्रश्न कोणी विचारील. २००९ साली माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या सुमारे १२० किलोमीटर चालत याच उद्यानात पोहोचला. त्याच्या गळ्यातील यंत्रपट्ट्यामुळे तो प्रवास आपल्याला कळला. २०११ साली मुंबईनजीकच्या रस्त्यावर वाहनाच्या धडकेने त्याचा अंत झाला, हे मात्र त्या कथेचे बोलके उत्तरार्ध होय.

वयात आलेल्या नराला नवा मुलूख शोधावा लागतो. ती वाट बंद झाली, की आप्तांतच प्रजनन होऊन पिढ्या दुबळ्या होतात. आणि कोंडलेला प्राणी वस्तीत शिरला, की आपण त्यालाच घुसखोर ठरवतो!

नगरविस्तार थांबवा, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण उपायही अशक्य कोटीतला नाही. नागपूर जिल्ह्यात पेंचच्या अरण्यातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ खाली प्राण्यांसाठी मार्ग ठेवण्यात आले, आणि त्यांतून वाघही ये-जा करताना आढळले आहेत. जे विदर्भात साधले, ते राजधानीच्या दारात का साधू नये?

शहराचा विकास आराखडा आखताना जलवाहिन्या व रस्ते आधी रेखाटले जातात. प्राण्यांच्या वाटाही त्याच नकाशावर, बांधकामास परवानगी देण्यापूर्वी, रेखाटल्या गेल्या पाहिजेत. इमारती उभ्या राहिल्यावर ती वाट कोणत्याही निधीने परत विकत घेता येणार नाही.