गोणी मोजली, गाय राहिली

ऑकलंडच्या माउंट वेलिंग्टन उपनगरातल्या घरांचे सांडपाणी मानुकाऊ बंदराकाठच्या मांगेरे केंद्रात जाते. तिथे माणसांच्या मूत्रातला नत्र जिवाणूंच्या स्वाधीन होतो. काही जिवाणू प्राणवायू घेऊन अमोनियाचे नायट्रेट करतात; दुसरे, प्राणवायू नसलेल्या टाकीत, त्याच नायट्रेटवर श्वास चालवतात आणि नत्र वायुरूपाने हवेत परत सोडतात. या कामाचे पैसे ऑकलंडकर सांडपाण्याच्या बिलातून भरतात, आणि ते रास्तच आहे. मग शहराबाहेर हाच न्याय का नाही? न्यूझीलंडमध्ये दुग्धव्यवसायातली सुमारे 60 लाख गुरे बहुतेक उघड्या कुरणातच असतात. गाय जिथे मुतते तेवढ्या तुकड्यावर हेक्टरी कित्येकशे किलोंच्या दराने नत्र पडतो. गवताला तो पेलत नाही; उरलेल्याचे नायट्रेट होते आणि पावसाबरोबर ते भूजलात उतरते. (गोमूत्राची थोरवी आपल्याला कुणी सांगायला नको, पण विहिरीला ती ठाऊक नसते.)

सरकारने यावर 1 जुलै 2021 पासून नियम केला: कुरणाला वर्षाकाठी हेक्टरी 190 किलोपेक्षा जास्त कृत्रिम नत्र घालायचा नाही. नियम बरा आहे, पण तो खताची गोणी मोजतो, नत्राची गळती नव्हे. युरिया कमी केला तरी क्लोव्हरच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतातच, आणि परदेशातून आलेली पामची पेंड चारून गाईंची संख्या तेवढीच ठेवता येते. यावर शेतकरी म्हणतात, गोणी दिसते, गळती दिसत नाही. आक्षेप खोटा नाही. गळतीचा अंदाज बांधणाऱ्या ‘ओव्हरसियर’ या संगणकीय प्रारूपावर 2021 मध्येच सरकारी समीक्षेने गंभीर शंका घेतल्या. तरीही टाउपो सरोवराच्या खोऱ्यात त्याआधीच याच अपुऱ्या साधनाने प्रत्येक शेताला गळतीची मर्यादा ठरवून दिली गेली, नत्र सोडण्याच्या हक्कांची खरेदी-विक्री खुली झाली, आणि सार्वजनिक निधीने त्यातले काही हक्क विकत घेऊन कायमचे बाद केले. उद्दिष्ट होते माणसामुळे येणारा नत्र 20 टक्क्यांनी घटवण्याचे, आणि तेवढे हक्क खरोखरच बाद झाले. दुधावर देशाची निर्यात उभी आहे, हा दुसरा आक्षेप. पण टाउपोत शेती बुडाली नाही, बदलली.

190 किलोंची अट राहू द्यावी. तिच्या जोडीला प्रत्येक खोऱ्यात गळतीची मर्यादा हवी, आणि ती पाळली जाते की नाही हे विहिरींच्या पाण्यावरून तपासावे. कँटरबरी प्रांतात विहिरीचे पाणी पिणाऱ्या कुटुंबाला शेजारच्या शेतात किती गोण्या आल्या हे कळून काही उपयोग नाही.